टोपी डोक्याच्या मापाची



क्रोशाच्या विणकामावर बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले. मी सातवीपर्यंत शिकलेली, भाषणाची सवय नाही. हातातले काम तेवढे सांगते.

गेल्या वर्षी माझ्या मोठ्या जाऊबाईंना कॅन्सरची औषधे सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत केस गेले. विकतची लोकरी टोपी त्या दहा मिनिटांत काढून ठेवीत. "टोचते गं, आणि डोळ्यांवर उतरते," म्हणत. पाहुणे आले की आत जाऊन बसत. मला ते बघवेना.

मुलीने एका इंग्रजी पुस्तकातला नमुना वाचून दाखवला. त्यात एक खोच आहे. इंग्लंडच्या पुस्तकात डबल क्रोशे म्हणजे बुटका टाका, तर अमेरिकेच्या पुस्तकात त्याच नावाचा उंच खांब. पुस्तक कुठले ते आधी पाहावे, नाहीतर टोपी भलतीच होते.

शिवाय तो नमुना जाड लोकरीचा आणि केसांनी भरलेल्या डोक्याचा. तेव्हा त्यातले आकडे मी सोडले, रीत तेवढी घेतली. जाऊबाईंच्या कपाळावरून, कानांच्या वरून फीत फिरवली. घेर साडेवीस इंच भरला. टोपी इंचभर कमी धरावी, म्हणजे ती नीट धरून बसते. मऊ सुती दोऱ्याचा चार इंची तुकडा विणला, धुतला, वाळवला आणि मग मोजला. सूत धुतल्यावर आटते, म्हणून ही खटपट. इंचाला पाच खांब बसले.

बारा खांबांनी सुरुवात केली आणि दर फेऱ्याला बारा वाढवले. आठव्या फेऱ्याला शहाण्णव झाले आणि चकती सव्वासहा इंचांची भरली. घेराच्या तिसऱ्या भागाहून चकती किंचित लहान असली, की वाढवणे थांबवायचे. कड झालरीसारखी लहरली तर टाके जास्त झाले, वाटीसारखी वळली तर कमी पडले.

पुढे पाच इंच सरळ विणले, म्हणजे मानेपर्यंत झाकले जाते. खांबांच्या फटींतून टाळू दिसू नये म्हणून इथे बुटके टाके घातले, आणि फेरे न जोडता गोल गोल चालू ठेवले. जोडाची शिवण नाजूक कातडीला लागते. फेरा कुठे सुरू झाला ते कळावे म्हणून रंगीत दोरा अडकवावा.

नमुन्यात रुंद झालर आणि मोठे फूल होते. दोन्ही गाळली. डोक्यावर पदर घेतला की झालर वर येते, हे त्या पुस्तकवाल्यांना काय माहीत!

जाऊबाई आता ती टोपी घालून ओसरीवर बसतात. दुसरी त्यांनी अबोली रंगाची मागितली आहे, आणि तिला एक लहानसे फूल हवे म्हणतात.