पांढरी तीनवरून पांढरी दोनवर
(स्नेहमेळाव्याच्या पहिल्या दिवशी, दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



जेवणानंतरचं सत्र आणि विषय गिटारच्या तारांचा, म्हणजे मागच्या दोन रांगांनी आताच डोळे मिटायला हरकत नाही. "तुझ्या धंद्याचं काहीतरी बोल" असा समितीचा हुकूम आहे. माझा धंदा वाद्यदुरुस्तीचा. पेटीचे भाते आणि तबल्याच्या पुड्या अजून येतातच, पण हल्ली दुकानात सगळ्यात जास्त येते ती इलेक्ट्रिक गिटार. आमगाव, तिरोडा, देवरी, कुठूनही येते. आणि घेऊन येणारा प्रत्येक जण म्हणतो, "काही नाही भाऊ, थोडी खाली उतरवून द्या."

हे "थोडी खाली" प्रकरण काय आहे ते सांगतो, कारण उद्याच्या कार्यक्रमाचा घोळ त्यातच होता.

उद्या संध्याकाळी आपले संगीताचे सर प्रार्थना म्हणणार आहेत. आपल्या वेळी ते ती पांढरी तीनमध्ये म्हणत आणि आपण मागून बेसूर ओरडत असू. मागच्या महिन्यात तालीम ठेवली तेव्हा पहिल्याच कडव्याला सर थांबले. म्हणाले, "तुमची वाद्यं जिथं आहेत तिथं माझा गळा आता जात नाही. तुम्ही पोरं म्हणा, मी ऐकतो." सगळे गप्प. कुणीतरी हळूच मोबाइलवरून जुनं रेकॉर्डिंग लावायची सूचना केली. मला ती पटली नाही. झाडीपट्टीच्या नाटकात पहाटेपर्यंत गाणाऱ्या नटाचा आवाज बसला, तर पेटीवाला पट्टी उतरवतो. नटाला कुणी घरी पाठवत नाही. सरांना पांढरी दोन सोयीची होती. म्हणजे दोन अर्धस्वर खाली. कीबोर्डवाल्याने एक बटण दोनदा दाबलं, त्याचं काम झालं. पेटीवाल्याने बोटं सरकवली. अडली ती गिटार.

आपल्याच बॅचमधल्या एकाचा मुलगा ती वाजवतो. प्रार्थनेची सुरुवात तो सगळ्यात जाड तार मोकळी छेडून करतो. तीच तार सरांचा षड्ज, तीच पांढरी तीन. गिटारवर त्याखाली स्वरच नाही. वर जायचं तर कॅपो नावाची चिमटी मिळते. खाली जायला चिमटी नाही. "काहून, खुंट्याच तर ढिल्या करायच्या आहेत ना?" असं त्याच्या बापाने मला विचारलं.

इथे विज्ञानाच्या सरांची क्षमा मागून बारावीच्या प्रयोगशाळेत जातो. सोनोमीटर आठवतो? लांब लाकडी खोका, वरून एक तार, टोकाला अर्ध्या-अर्ध्या किलोची वजनं, आणि तारेवर कागदाचा तुकडा. नादकाट्याशी सूर जुळला की तो तुकडा टुणकन उडायचा. वजन चौपट केलं की कंपनं दुप्पट होतात, हे आपण वहीत लिहिलं आणि परीक्षेनंतर विसरलो. गिटार म्हणजे सहा तारांचा सोनोमीटरच. सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ८२.४ कंपनं करते. दोन अर्धस्वर उतरवली की ७३.४. कंपनं अकरा टक्के कमी, पण ताण त्यांच्या वर्गाच्या हिशेबाने उतरतो, म्हणजे जवळजवळ एकवीस टक्के. नेहमीच्या दहा नंबरच्या तारांचा मिळून ताण सुमारे ४७ किलो असतो, तो ३७ वर येतो. आपण धानाच्या मुलखातले लोक, दहा किलो म्हणजे तांदळाची केवढी पिशवी ते आपल्याला सांगायला नको. तेवढी ओढ लाकडावरून एकदम काढून घेतली.

त्या लाकडाच्या पोटात एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. तारा मानेला पुढे ओढतात, सळई मागे धरते. तारांची ओढ कमी झाली की मान मागे जाते, तारा फ्रेटवर टेकतात आणि झिरझिर ऐकू येते. तंबोऱ्यात याच झिरझिरीसाठी आपण जवारी काढून घेतो, पैसे देतो. गिटारवाल्याला ती नकोच असते! शिवाय ढिली तार जास्त रुंद हलते आणि जोराने दाबली तर सूर चढतो.

ढिलेपणा मुद्दाम घेणारेही आहेत. ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, तिथे त्याच्या दोन बोटांची टोकं तुटली. तारा दाबायला सोप्या व्हाव्यात म्हणून तो हलक्या तारा वापरू लागला, आणि १९७१ च्या सुमारास काही गाण्यांसाठी गिटार तीन अर्धस्वर उतरवली. त्याला ते शोभलं. प्रार्थनेला तसला घुमारा चालणार नाही.

आपल्याकडच्या कारागिरांनी हा प्रश्न फार आधी सोडवलेला आहे. मिरजेला तंबोरे बनतात, २०२४ साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे बायकी तंबोरा ढिला करून पुरुषी करत नाहीत. पुरुषी तंबोरा मोठा घडवतात, त्याला तारा जाड घालतात. गिटारची लांबी वाढवता येत नाही. या गिटारची ६४८ मिलिमीटर आहे, तेवढीच राहणार. उरली तारेची जाडी. सूर जेवढ्या पटीने खाली, जाडी तेवढ्या पटीने वर, म्हणजे दहाच्या जागी साधारण अकरा. मी अकराचा संच घातला, ताण बराचसा जागेवर आला.

पण काम तिथे संपत नाही, आणि ग्राहक इथेच वैतागतात. जाड तार नटच्या खाचेत अडकते. खुंटी फिरवली तरी सूर जागचा हलत नाही, मग एकदम टुक्कन उडी मारतो. त्या खाचा बारीक कानशीने किंचित रुंद केल्या. खोल करायच्या नाहीत. मग मान. पहिल्या फ्रेटवर आणि मान खोक्याला मिळते तिथे तार दाबून धरायची आणि सातव्या फ्रेटजवळ फट पाहायची. पाव मिलिमीटर पुरे. सळईचा नट एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये आणि फिरवल्यावर घाई करू नये. लाकूड आपल्या वेळेने बसतं.

या पोराच्या गिटारचा ब्रिज तरंगता आहे. वरून तारा ओढतात, मागून तीन स्प्रिंगा ओढतात, मध्ये तो तराजूच्या दांडीसारखा तोललेला. एक तार लावली की बाकीच्या पाच हलतात. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. स्प्रिंगांचे दोन स्क्रू थोडे सैल केले तेव्हा ब्रिज सपाट बसला. बाराव्या फ्रेटवर उंची दोन मिलिमीटरच्या आत ठेवली.

शेवटी सॅडल. बारावा फ्रेट म्हणजे तारेचा बरोबर मध्य, तिथे वरचा षड्ज. पण तार दाबताना ताणली जाते, म्हणून दाबलेला स्वर मोकळ्या नादापेक्षा किंचित चढतो. जाड तारेत जास्तच. चढा लागला की सॅडल मागे, उतरता लागला की पुढे. जाड तारेचं सॅडल मिलिमीटरभर मागे घेतलं. पिकअपची उंची वगैरे आहेच, त्यात तुम्हाला नेत नाही.

परवा सरांनी त्या गिटारबरोबर पूर्ण प्रार्थना म्हटली. दुसऱ्या कडव्यात वरचा स्वर आला तेव्हा त्यांनी आमच्याकडे न बघता हात वर केला. आपल्या बॅचला तो हात माहीत आहे. मी ट्यूनर बंद करून ठेवला.

उद्यासाठी दोन सूचना. कार्यक्रम मैदानात, रात्रीचा, आणि आपल्याकडची थंडी तुम्ही जाणता. पोलाद गारठलं की आकसतं आणि सूर चढतो. म्हणून गिटार अर्धा तास आधी बाहेर ठेवायची आणि मगच लावायची, वर्गातून थेट मंचावर नाही. दुसरं, कार्यक्रमानंतर कुणी हौसेने ती परत पांढरी तीनवर चढवू नका. जाड तारा वर नेल्या की ओढ पहिल्यापेक्षाही वाढते, मान पुढे येते, ब्रिज उचकतो.

आणि ज्यांच्या घरी मुलांच्या गिटारी आहेत त्यांनी उद्या सकाळी नऊनंतर दहावी 'ब'च्या वर्गात आणाव्यात. तारा सोबत आणा. ॲलन की माझ्याकडे आहे.