आधार विचारण्याची सवय



महाराष्ट्रात ज्या पिढीचे बालपण १९७०च्या आसपास गेले, तिला शंका पडली की वाचनालयाची वाट धरावी लागे. कपाटातील कोश बहुधा घरी नेता येत नसे. तेथेच बसून वहीत टिपून घ्यावे लागे. ‘कार्तिकेय’ शोधताना वाटेत ‘कांची’ लागे, पुढे ‘काशी’ खुणावे. एका प्रश्नापायी चार गोष्टी पदरात पडत.

हे कोश तपश्चर्येतून उभे राहिले. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी अमेरिकेतील उच्च शिक्षणानंतर नागपुरात मर्यादित कंपनी स्थापून, समाजाकडून भांडवल जमवून ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड सिद्ध केले. पारतंत्र्याच्या त्या काळात मराठी माणसाने जगाचे ज्ञान स्वभाषेत आणले. पं. महादेवशास्त्री जोशी यांनी ‘भारतीय संस्कृतिकोशा’च्या १० खंडांबरोबरच बालवाचकांसाठी ‘मुलांचा संस्कृतिकोश’ही रचला.

या परंपरेचे मर्म प्रामाण्यात आहे. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांच्या १९३२च्या ‘प्राचीन चरित्रकोशा’त ऋषी-राजांच्या माहितीसोबत मूळ ग्रंथाचा संदर्भ दिलेला आढळतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईहून १९७६पासून निघू लागलेल्या मराठी विश्वकोशात नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव असते. कोणी लिहिले आणि कशाच्या आधारे, हे वाचकाला कळते.

आज तोच विश्वकोश संगणकावर विनामूल्य खुला आहे. खेड्यातील मुलाला शहरातील वाचनालय गाठावे लागत नाही, हा लाभ थोर आहे. परंतु त्याच पडद्यावर बनावट श्लोक आणि थोर पुरुषांच्या तोंडी घातलेली वाक्येही येतात. संस्कृतीचा गौरव करणारा मजकूर दिसला की सुशिक्षित कुटुंबेही तो न तपासता पुढे धाडतात. यात श्रद्धा असते, पण हानी संस्कृतीचीच होते. एक खोटा श्लोक उघडा पडला, की दहा खऱ्यांवर संशय घेतला जातो. शास्त्रीबुवांनी जपलेले प्रामाण्य क्षणात गमावले जाते.

म्हणून घराघरांत एक नियम असावा. मुलाने उत्तर आणले, की वडीलधाऱ्यांनी आधार विचारावा आणि संदेश पुढे धाडण्यापूर्वी तोच प्रश्न स्वतःलाही विचारावा. २००३पासून चालू असलेल्या मराठी विकिपीडियावर आपल्या परिसरातील मंदिर, किल्ला वा नदी यांची माहिती साधार लिहिणे हेही कोशकार्यच होय. केतकरांनी समाजाकडे भांडवल मागितले. आज रोज अर्धा तास पुरेल.