खरं लिहिलं, तरी केस होते?

"मी खरं तेच पोस्ट केलंय, मग बदनामीची केस कशी होईल?" हा प्रश्न मला सारखा येतो. होते की! दिवाणी दाव्यात खरेपणा हा पुरेसा बचाव आहे. पण फौजदारीत, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये, ते लोकहिताचंही असावं लागतं.

खरा वाद असतो तो हे दाखवायचं कधी, यावर. समन्स आलं की आपण पुरावे घेऊन हायकोर्टात धावतो. कोर्ट बहुतेकदा म्हणतं, हे खटल्यात सिद्ध करा. आणि सिद्ध करायचं आरोपीनेच. दिलासा एवढाच, की संशयातीत पुरावा लागत नाही. आपली बाजू जास्त संभवनीय वाटली तरी पुरतं.

एम. जे. अकबर यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रिया रमाणींवर खटला भरला. त्यांनी सत्याचाच बचाव घेतला, साक्षीदार आणले. निर्दोष सुटल्या १७ फेब्रुवारी २०२१ ला. सव्वादोन वर्षांहून जास्त!

म्हणून गप्प बसू नका, पण पोस्टच्या आधी मूळ मेसेज, तारखा, स्क्रीनशॉट जपून ठेवा. डिलीट केलेलं चॅट कोर्टात तुमच्या बाजूने बोलायला येत नाही.