विश्वाचा वाद आणि कल्याणच्या तबकड्या
(अंबरनाथ येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



विश्वाला सुरुवात होती का, की ते अनादी काळापासून असेच आहे? हा प्रश्न निघाला की आपल्याला केंब्रिज आठवते, अमेरिकेतल्या मोठ्या वेधशाळा आठवतात. मी मात्र आज कल्याणपासून सुरुवात करणार आहे. अंबरनाथहून गाडीत बसले की उल्हासनगर, विठ्ठलवाडी आणि मग कल्याण. त्या कल्याणला १९६५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ३२ तबकड्यांची एक रेडिओ दुर्बीण उभारली होती. एकेक तबकडी साधारण पुरुषभर उंचीची. त्यांतल्या २४ पूर्व-पश्चिम रांगेत होत्या, आठ उत्तर-दक्षिण.

या तबकड्या सिडनीजवळच्या पॉट्स हिलच्या. कल्याणची दुर्बीण उभारणाऱ्या गटाचे प्रमुख गोविंद स्वरूप तरुणपणी तिथे काम शिकायला गेले होते. तिथले तबकड्यांचे काम संपल्यावर ऑस्ट्रेलियाने त्या भारताला भेट दिल्या. पुढे अमेरिकेत असताना स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायदेशी रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभारण्याची योजना पाठवली. टाटा संस्थेच्या होमी भाभांनी १९६२ मध्ये तारेने होकार कळवला आणि १९६३ मध्ये स्वरूप परतले. कल्याणला त्यांच्या गटाने सुमारे ४९ सेंटीमीटर तरंगलांबीवर सूर्याचा अभ्यास केला. त्या तबकड्या दूरच्या विश्वापर्यंत पोचणाऱ्या नव्हत्या. पण वेध कसे घ्यायचे, आलेल्या नोंदीतून खरे-खोटे कसे निवडायचे, हे शिकलेली माणसे तिथे तयार झाली.

आता वादाकडे येऊ. दीर्घिका एकमेकींपासून दूर जात आहेत, हे १९२९ मध्ये हबलच्या निरीक्षणांनी दाखवले. आज त्या दूर जात असतील तर पूर्वी जवळ होत्या, आणि फार पूर्वी सगळे विश्व अतिशय दाट आणि तप्त असले पाहिजे. हा महास्फोटाचा विचार. १९४८ मध्ये बाँडी, गोल्ड आणि फ्रेड हॉइल यांनी दुसरा विचार मांडला. विश्व प्रसरण पावते हे त्यांना मान्य होते. मात्र रिकाम्या होणाऱ्या जागेत नवे द्रव्य सतत निर्माण होत असल्यामुळे विश्व कधीही पाहिले तरी सारखेच दिसेल, असे त्यांचे म्हणणे होते. हा स्थिर स्थिती सिद्धांत.

यांतले खरे कोणते, हे ठरवायला भूतकाळात डोकावता आले पाहिजे. ती सोय निसर्गानेच केली आहे: प्रकाशाला पोचायला वेळ लागतो. आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा, शिलाहार राजवटीतला. साडेनऊशेहून थोड्या अधिक प्रकाशवर्षांवर असलेल्या ताऱ्याचा जो प्रकाश आज आपल्या डोळ्यांत शिरतो, तो ही अक्षरे कोरली जात होती त्या सुमारास तिथून निघालेला असतो. जितके दूर पाहावे तितके जुने दिसते. म्हणून कसोटी सरळ आहे: दूरचे विश्व जवळच्यासारखेच दिसले तर हॉइल बरोबर, वेगळे दिसले तर विश्वाला इतिहास आहे.

केंब्रिजला मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांची मोजदाद करून सांगितले की, मंद, म्हणजे दूरचे स्रोत स्थिर स्थितीच्या हिशेबापेक्षा जास्त भरतात. १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत त्यांना उत्तर द्यायला हॉइल यांच्या बाजूने उभा राहिला तो त्यांचा २२ वर्षांचा विद्यार्थी, कोल्हापुरात जन्मलेला जयंत नारळीकर. पुढे १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे मंद प्रारण सापडले. त्याचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर फक्त पावणेतीन अंशांच्या आसपास. आरंभीच्या उष्णतेची ही खूण, असा त्याचा अर्थ बहुतेकांनी लावला.

कल्याणला तयार झालेल्या गटाने त्याच सुमारास उटीला डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण बांधायला घेतली. उतार असा निवडला की दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहावा. मग एकाच अक्षाभोवती फिरवून तासन् तास स्रोताचा मागोवा घेता येतो. १९७०च्या सुमारास ती सुरू झाली. चंद्र एखाद्या दूरच्या रेडिओ स्रोतासमोरून सरकला की स्रोताचे प्रारण ज्या रीतीने क्षीण होत जाते, त्यावरून त्याचा आकार काढता येतो. अशा शेकडो पिधानांतून स्वरूप आणि विजय कपाही यांनी १९७५ मध्ये निष्कर्ष मांडला: फार दूरचे स्रोत पूर्वी संख्येने अधिक आणि आकाराने लहान होते. याचा अर्थ विश्व बदलत आले आहे. स्थिर स्थितीच्या विरोधात गेलेला हा पुरावा भारतीय होता.

आणि तेव्हा नारळीकर कुठे होते? १९७२ पासून ते त्याच टाटा संस्थेत होते. एका छपराखाली एक जण सिद्धांताचा खंदा पुरस्कर्ता आणि दुसरा त्याच सिद्धांताविरुद्ध पुरावा गोळा करणारा. नारळीकरांनी आपले म्हणणे सोडले नाही. १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी सिद्धांताचे सुधारित रूप मांडले. बहुतेक शास्त्रज्ञांनी ते स्वीकारले नाही. तरी पुण्यात नारळीकरांनी उभारलेली आयुका ही खगोलशास्त्र संस्था आणि स्वरूप यांचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र विद्यापीठाच्या आवारात आजही शेजारी-शेजारी आहेत. मतभेद इतके खोल, आणि तरीही वाद माणसांशी नव्हे, आकड्यांशी. ही मला आपल्या विज्ञानाची सर्वांत मोठी कमाई वाटते.

ही परंपरा आपल्या घाटापलीकडे चालू आहे. मुरबाडवरून माळशेज चढून गेलात की जुन्नर तालुक्यात खोडदला स्वरूप यांनी उभारलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लागते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. हायड्रोजन अणूची २१ सेंटीमीटरची लहर प्रसरणामुळे ताणली जाते. जवळजवळ दुप्पट ताणलेली ती लहर साडेसात हजारांहून अधिक दीर्घिकांच्या नोंदी एकत्र करून तिथे टिपली गेली. आठशे कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांत हायड्रोजन किती होता, हे त्यातून २०२० मध्ये प्रथमच मोजले गेले. तारे इतक्या वेगाने घडत होते की तो साठा शंभर-दोनशे कोटी वर्षांतच संपला असता. पुढच्या काळात ताऱ्यांचा जन्म का मंदावला, याचे कारण इथे हाती लागते.

आज विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते. पण ज्या द्रव्याचे आपण, हे मंदिर आणि हे तारे बनलो आहोत, ते विश्वाच्या जेमतेम पाच टक्के. उरलेले कृष्णद्रव्य आणि कृष्णऊर्जा. त्यांचे मूळ स्वरूप अजून कुणाच्याही हाती आलेले नाही. म्हणजे पुढच्या कसोट्या उभ्याच आहेत.

म्हणून माझी पालकांना विनंती आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, जीएमआरटी लोकांसाठी खुली असते. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या मुलांना तिथे घेऊन जा. परतताना त्यांना विश्वाबद्दलची उत्तरे पाठ करायला लावू नका. कोणतेही मोठे विधान कानावर पडले, ते कितीही मोठ्या माणसाने केलेले असो, तर एक प्रश्न विचारायची सवय त्यांना लावा: हे चुकीचे असेल, तर ते कशावरून कळेल? नारळीकरांसारख्या बुद्धिमंताचा सिद्धांतही या प्रश्नासमोर उभा राहिला. आपल्या मतांनाही त्यातून सूट नको.