सहा दिवसांत पांच सामने

विद्यार्थ्यांचा खेळ हा केवळ विरंगुळा असावा, कीं विद्यालयाच्या कीर्तीचें साधन असावा, हा वाद जुनाच आहे. त्याच्या दोन्ही बाजू एकाच कथेंत पाहावयाच्या असतील, तर अमेरिकेंतील टेनेसी संस्थानांत, कंबरलंडच्या पठारावर वसलेल्या सुवानी या लहानशा गांवीं गेलें पाहिजे. ‘युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ’ ही ख्रिस्ती धर्मसंघाची विद्यापीठ-संस्था तेथें आहे. तिच्या संघाचा १८९९ सालचा हंगाम अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासांत अजोड ठरला आहे.

हा फुटबॉल आपल्याकडील फुटबॉल नव्हे. येथें लांबट चेंडू कांखेंत धरून प्रतिपक्षाची फळी फोडीत पुढें जावयाचें असतें. त्या काळीं तीन प्रयत्नांत पांच यार्ड भूमि जिंकावी लागे. चेंडू पुढच्या दिशेनें फेंकण्यास मनाई होती. डोक्यास टोप घालण्याची सक्ति नव्हती. आणि एकदां मैदान सोडलेल्या खेळाडूस त्या सामन्यांत परत येतां येत नसे. अर्थात् दमलेला गडीहि शक्य तोंवर उभाच राही.

संघाचा व्यवस्थापक ल्यूक ली हा स्वतः विद्यार्थीच होता. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाशीं तिकिटांच्या उत्पन्नावरून तंटा झाला, आणि त्या वर्षीं तो लाभदायक सामना झालाच नाहीं. ती तूट भरून काढण्यासाठीं लीनें एका विलक्षण दौऱ्याची आंखणी केली. आगगाडीनें सुमारें २,५०० मैलांचा प्रवास, आणि वाटेंत पांच सामने!

९ नोव्हेंबरला ऑस्टिन येथें टेक्सासचा १२-० असा पराभव झाला. १० तारखेस ह्यूस्टन येथें टेक्सास ए. अँड एम्. संघ १०-० नें हरला. ११ तारखेस न्यू ऑर्लीन्समध्यें टुलेनवर २३-० असा विजय मिळाला. १२ तारीख रविवारची. त्या दिवशीं सामना नव्हता. १३ तारखेस बॅटन रूज येथें लुइझियाना ३४-०, आणि १४ तारखेस मेंफिस येथें मिसिसिपी १२-०! सहा दिवसांत पांच सामने झाले, आणि एकाहि प्रतिस्पर्ध्यास एक गुणहि मिळाला नाहीं. रात्रीं गाडींत झोंप आणि दुपारीं मैदान, असा हा क्रम होता.

त्या हंगामांत संघानें एकूण बारा सामने जिंकले; त्याचे गुण ३२२, प्रतिपक्षांचे अवघे १०. हे दहाहि गुण एकट्या ऑबर्नचे. ३० नोव्हेंबरला माँटगमेरी येथें जॉन हाइस्मन यानें शिकविलेल्या त्या संघानें सुवानीस अक्षरशः घाम फोडला, आणि सुवानीचा विजय ११-१० असा निसटता झाला. दोनच दिवसांनीं अटलांटा येथें नॉर्थ कॅरोलायनावर ५-० अशी मात करून हंगाम संपला.

परंतु याच खेळाची दुसरी बाजूहि लवकरच उघड झाली. मैदानावरील मृत्यु आणि दुखापती इतक्या वाढल्या कीं, १९०५ सालीं अध्यक्ष थिओडोर रूझव्हेल्ट यांना प्रमुख विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून कानउघाडणी करावी लागली. १९०६ मध्यें नियम बदलले आणि चेंडू पुढें फेंकण्यास परवानगी मिळाली.

पुढें या खेळांत पैसा शिरला, आणि मोठ्या विद्यापीठांपुढें सुवानीचा टिकाव लागेना. १९३२ सालीं स्थापन झालेल्या दक्षिण-पूर्व परिषदेचें तें एक संस्थापक सभासद होतें; पण परिषदेंतील एकहि सामना न जिंकतां १९४० मध्यें तें बाहेर पडलें. आजहि तेथें फुटबॉल खेळला जातो, मात्र खेळाडूंना खेळासाठीं शिष्यवृत्ति दिली जात नाहीं.

या माघारीस कोणी पराभव म्हणतील. परंतु जी दौड पैशाची तूट भरून काढण्यासाठीं निघाली होती, तिच्याच मार्गानें इतर विद्यापीठें कोठवर गेलीं, हें पाहिलें म्हणजे वेळींच थांबण्यासहि कांहीं धैर्य लागतें, असें म्हणावें लागतें.