वहिवाट सिद्ध कोणी करायची?



मला विषय दिला गेला तो ‘वंचित समाजातून आलेले पहिले कायदेपंडित’ असा. विषय मोठा आणि वेळ थोडा, म्हणून अमेरिकेतले एकच उदाहरण देतो आणि मग आपल्या माणसाकडे येतो. १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये गुंडांच्या टोळ्या मोडण्यासाठी टॉमस ड्यूई यांना विशेष सरकारी वकील नेमले. त्यांनी निवडलेल्या २० सहायक वकिलांत युनिस कार्टर या एकट्याच कृष्णवर्णीय आणि एकट्याच स्त्री. त्यांच्या टेबलावर आल्या त्या वेश्याव्यवसायाच्या तक्रारी, ज्यांत बाकीच्यांना रस नव्हता. बाईंनी त्या नीट वाचल्या. शहरात कुठेही बायका पकडल्या तरी त्यांचा वकील तोच आणि जामीनदारही तेच! म्हणजे मागचा हात एकच. त्या धाग्यावरून १९३६ साली लकी लुसियानो हा बडा टोळीप्रमुख तुरुंगात गेला.

त्याच १९३५ च्या जूनमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. घटनेचे शिल्पकार म्हणून त्यांचा फोटो प्रत्येक कचेरीत असतो, आमच्या बँकेतही आहे. पण त्याआधीच्या बारा वर्षांच्या वकिलीबद्दल आपण फारसे बोलत नाही. मला तीच जास्त शिकवणारी वाटते.

लंडनच्या ग्रेज इनमधून ते १९२२ साली बॅरिस्टर झाले आणि १९२३ च्या जुलैत मुंबई हायकोर्टात त्यांनी वकिली सुरू केली. हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला बॅरिस्टरला पक्षकार थेट घेता येत नसे, सॉलिसिटरने ब्रीफ द्यावे लागे. अस्पृश्य बॅरिस्टरला ब्रीफ कोण देणार? तेव्हा त्यांनी अपिलाची कामे आणि जिल्ह्याची कोर्टे धरली. जोडीला १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी संस्थेत मर्कंटाइल लॉ शिकवला. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला माणूस हिशेबनिसांना हुंडी आणि करारनामे समजावून देत होता! आम्हा कॉमर्सवाल्यांना याचा थोडा अभिमान वाटला तर कोणी रागावू नये.

पक्षकार निवडताना त्यांनी जात पाहिली नाही, हे दोन खटल्यांवरून दिसते. १९२६ साली ‘देशाचे दुश्मन’ या ब्राह्मणविरोधी पुस्तकावरून पुण्यात जेधे-जवळकर आदी ब्राह्मणेतर पुढाऱ्यांवर बदनामीचा खटला झाला. खालच्या कोर्टाची शिक्षा बाबासाहेबांनी अपिलात रद्द करून घेतली. पुढे १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा आरोप आला तेव्हा ते र. धों. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले. कर्वे चित्पावन. तो खटला हरला आणि कर्व्यांना दंड झाला. हरणार हे दिसत असतानाही असा खटला घेणे सोपे नव्हते.

पण ज्यासाठी मी आज उभा आहे तो खटला महाडचा. १९२३ साली भंडारी समाजाचे रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याप्रमाणे ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांचे लोक चवदार तळ्याचे पाणी प्याले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा काही सवर्ण मंडळी दिवाणी कोर्टात गेली. तळे आमचे खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी तेथे न येण्याची वहिवाट अनादिकालापासून आहे, असा त्यांचा दावा. पहिले प्रतिवादी स्वतः आंबेडकर. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम निघाला.

आता बघा. तुरुंगात जायला तयार असलेले हजारो लोक महाडला जमले आहेत, आणि त्यांचा पुढारी त्यांना सांगतो आहे की कोर्टाचा हुकूम आहे, आपण थांबू. भर सभेत हे सांगायला काय लागत असेल! लोक तळ्याभोवती मिरवणूक काढून परतले.

मग दहा वर्षे कोर्टात गेली. १९३१ मध्ये महाडच्या कोर्टाने दावा फेटाळला, १९३३ मध्ये ठाण्याला अपील फेटाळले गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टानेही तेच केले. तेथे दोन न्यायमूर्तींपैकी एक ब्रूमफील्ड होते, १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना शिक्षा सुनावणारे. निकालाचा गाभा साधा आहे. ‘वहिवाट आहे’ असे जो म्हणतो त्याने ती सिद्ध करावी. प्रथा बरीच वर्षे चालत आली असेल, पण म्हणून ती अनादि ठरत नाही. वादींना ते दाखवता आले नाही. अन्य धर्मीयांना त्या तळ्यावर मज्जाव नव्हता, गुरांनाही नव्हता, हेही आपण विसरू नये.

हे मी वास्कोत का सांगतो? आपल्यापैकी बहुतेकांची मूळ घरे पेडणे-डिचोलीला. नोकरीधंद्यासाठी आपण बंदराकाठी आलो, तरी देव गावाला आहे, आणि पालखी, शिमगा, मानपान यांवरून होणारे वादही तेथेच आहेत. प्रत्येक वादात पहिले वाक्य एकच असते, “आमची पूर्वापार वहिवाट.” पोर्तुगीज अमदानीतल्या १९३३ च्या देवस्थान कायद्याने महाजनांना कारभाराचे हक्क दिले, त्यांच्या याद्या केल्या. ठीक आहे. पण महाजनकी म्हणजे कारभार. देवळाच्या पायरीवर कोणी उभे राहायचे हा हक्क त्या यादीतून येत नाही. मुक्तीनंतर आपल्याला भारताची घटना लागू झाली, तिच्यात कलम १७ आहे. काही ज्येष्ठांना हे रुचणार नाही, तरी बोलतो. गोवा विधानसभेच्या ४० जागांत अनुसूचित जातींसाठी राखीव एकच, ती पेडण्याची. मते मागायला आपण त्या वाड्यांवर जातो. उत्सवाच्या बैठकीचे बोलावणे तेथे जाते का?

कार्यकारिणीपुढे माझी सूचना अशी आहे. प्रत्येक घराण्याने आपल्या देवस्थानची नियमावली, महाजनांची यादी आणि हाती असलेले जुने कागद यांच्या प्रती मंडळाकडे द्याव्यात. ज्या मानाला कागद नाही, त्याची वेगळी यादी करावी. पोर्तुगीज कागद वाचणारी माणसे अजून आपल्यात आहेत, त्यांचीही वये झाली आहेत. शिमग्याआधी एक बैठक घ्यावी आणि तिला गावातल्या सगळ्या वाड्यांचे प्रतिनिधी बोलवावेत. प्रती काढण्याचे आणि नोंदवही ठेवण्याचे काम मी करीन.