नेतृत्व आणि न्यायबुद्धी



वेतन कमी झाले की माणूस दुखावतो. परंतु ते का कमी झाले हे सांगण्याचे सौजन्यही कोणी दाखवले नाही, तर तो अधिक दुखावतो. जेराल्ड ग्रीनबर्ग या अमेरिकन संशोधकाने १९९० साली याचा पुरावाच पुढे ठेवला. एका कंपनीच्या दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी १५ टक्के वेतनकपात झाली. एके ठिकाणी कामगारांना विश्वासात घेऊन कारणे सविस्तर सांगितली गेली, खेद व्यक्त झाला. दुसरीकडे निर्णय थोडक्यात ऐकवला गेला. त्या काळात चोऱ्या दोन्हीकडे वाढल्या; पण दुसऱ्या कारखान्यात कितीतरी अधिक. कपात तीच, वागणूक निराळी!

आत्ममग्न नेत्याला नेमके हेच उमगत नाही. स्पष्टीकरण देणे त्याला कमीपणाचे वाटते आणि प्रश्न विचारणारा त्याला शत्रू भासतो. यश तो स्वतःचे मानतो. अपयश हाताखालच्यांच्या पदरी घालतो.

दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे महाराष्ट्राला परिचित झालेल्या एन्रॉन कंपनीचे उदाहरण बोलके आहे. आपल्या हुशारीचा तेथील वरिष्ठांना मोठा अभिमान. जेफ्री स्किलिंग यांच्या काळात दर सहा महिन्यांनी कर्मचाऱ्यांची प्रतवारी होई आणि तळाला गेलेल्यांवर बडतर्फीची टांगती तलवार असे. श्रेणी देणाऱ्याला दुखावणे मग कोणाला परवडणार? हिशोबातील गैरप्रकारांविषयी शेरॉन वॉटकिन्स यांनी अध्यक्ष केनेथ ले यांना पत्र लिहिले, ते ऑगस्ट २००१ मध्ये. तोवर फार उशीर झाला होता. २ डिसेंबर २००१ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. दुसऱ्याच दिवशी सुमारे ४,००० जणांच्या नोकऱ्या गेल्या. निवृत्तीसाठी कंपनीच्या शेअर्समध्ये साठवलेली पुंजी मातीमोल झाली. निवडक लोकांना मात्र दिवाळखोरीच्या तोंडावर साडेपाच कोटी डॉलरचे बोनस वाटले गेले होते.

प्रत्येक तक्रार खरी असते असे नव्हे. बढती हुकलेल्याला अन्याय झाल्यासारखे वाटणे स्वाभाविकच आहे. पण निकष आधी सांगितलेले असतील, त्याचे म्हणणे ऐकून घेतले गेले असेल, तर प्रतिकूल निर्णयही माणूस पचवतो.

म्हणून कार्यालयात, शाळेत किंवा पतपेढीत अधिकारपदावर बसलेल्या प्रत्येकाने स्वतःला विचारावे : आपल्यासमोर ‘हे चुकते आहे’ असे म्हणण्याचे धाडस किती जणांना होते? एकही नाव आठवत नसेल, तर सारे आलबेल आहे असे समजू नये. लोकांनी बोलणे सोडून दिले आहे, एवढेच समजावे.